जॅपनीज क्लासचा रिव्ह्यू: शिकवणं एक नंबर, जिन्यातलं पोस्टर मात्र काढून टाका

आधी निकाल सांगते, मग पाल्हाळ. भाषा शिकायला म्हणून क्लास पाचपैकी साडेचार. जिन्यात जे पोस्टर लावलंय त्याला एक, तोही फोटो छान आहे म्हणून. फुजी पर्वत, वर विमान, खाली सूटबूट घातलेली मुलगी ट्रॉली बॅग ओढतीये आणि मोठ्या अक्षरात 'परकीय भाषा शिका, जग फिरा, युनोमध्ये इंटरप्रिटर व्हा'. क्लासचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण सेन्सेईंबद्दल, म्हणजे शिकवणाऱ्या बाईंबद्दल, मला खरंच आदर आहे आणि ते पोस्टर त्यांनी लावलेलं नाही, ते लावलंय अ‍ॅडमिशन बघणाऱ्या पार्टनरने. कोथरूडमध्ये आहे एवढं पुरे. तसंही पुण्यात जॅपनीजचे क्लास उदंड आहेत त्यामुळे मी खाली जे लिहितीये ते बऱ्याच ठिकाणी लागू पडेल.

युनोचं आधी संपवून टाकू. युनोच्या अधिकृत भाषा सहा आहेत, अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश. जपानी त्यात नाहीच! जर्मन पण नाही. म्हणजे तुम्ही जपानी कितीही घासून पुसून एन1 पर्यंत, म्हणजे जपानीच्या परीक्षेच्या सगळ्यात वरच्या लेव्हलपर्यंत, गेलात तरी न्यूयॉर्कच्या त्या इंटरप्रिटरच्या काचेच्या बूथमध्ये बसायला त्याचा काडीचा उपयोग नाही. तिथे इंग्रजीच्या बूथमध्ये बसायचं तर इंग्रजी मातृभाषेच्या तोडीची लागते आणि वर फ्रेंच आणि शिवाय स्पॅनिश किंवा रशियन ऐकून समजायला लागतं. ज्यांना खरंच ते स्वप्न आहे त्यांनी बारावीनंतर सरळ फ्रेंचला जावं, जपानीत वर्षं घालवू नयेत. मी हे डेमो लेक्चरलाच काउंटरवर विचारलं होतं तर उत्तर मिळालं "मॅडम ते एक्झाम्पल म्हणून लिहिलंय". बरं.

आता क्लासबद्दल, कारण क्लास खरंच चांगला आहे आणि नुसतं पोस्टरवर बोलून त्याच्यावर अन्याय होईल.

सेन्सेई मराठी आहेत, साठीच्या आसपास, बरीच वर्षं ऑटो कंपन्यांमध्ये इंटरप्रिटिंग करून मग शिकवायला लागलेल्या. त्या जपानी इंग्रजीतून शिकवत नाहीत, मराठीतून शिकवतात, आणि हा या क्लासचा सगळ्यात मोठा प्लस पॉइंट आहे असं माझं स्पष्ट मत आहे. कारण जपानी वाक्याची घडण आपल्यासारखीच आहे, क्रियापद शेवटी, आणि नामाला मागून प्रत्यय चिकटतो. 'पुणे नि सुंदे इमासु' म्हणजे 'पुण्यात राहते', तो 'नि' सरळ आपल्या सप्तमीसारखा बसलाय तिथे. इंग्रजीतून शिकणारी माणसं नामामागे येणाऱ्या 'वा' आणि 'गा' या प्रत्ययांमध्ये महिनोन्महिने गटांगळ्या खातात. सेन्सेईंनी फळ्यावर 'मी चहा पिते' आणि 'मीच चहा पिते' अशी दोन वाक्यं लिहून अर्धी बॅच पहिल्याच आठवड्यात पार केली. (या प्रत्ययांना जपानीत 'जोशी' म्हणतात आणि आमच्या बॅचमध्ये तीन जोशी होते, त्यामुळे तो विनोद एन3 पर्यंत चालला, कंटाळा येईपर्यंत चालला.)

पुस्तक सगळीकडे असतं तेच, 'मिन्ना नो निहोंगो', पहिल्या भागात 25 धडे आणि दुसऱ्यात 26 ते 50. ज्यांनी केलंय त्यांना माहितीये की तेरा धड्यांपर्यंत सगळे हसत असतात आणि चौदाव्याला 'ते फॉर्म', म्हणजे क्रियापदाचं 'ते' किंवा 'दे'ने संपणारं रूप, येतो आणि तिथून बॅच गळायला लागते. नोमुचं नोन्दे, काकुचं काइते, ताबेरुचं ताबेते, आणि इकुचं नियमाने जे व्हायला हवं ते न होता इत्ते. सेन्सेईंची पद्धत अशी की सगळ्यांना उभं करायचं, त्या क्रियापद फेकणार, ज्याच्याकडे बोट त्याने दोन सेकंदात 'ते फॉर्म' द्यायचा, आला की बसायचं, नाही आला तर उभंच. आमच्यात एक आयटीवाले काका होते, टीम लीड वगैरे, घरी मुलगा दहावीला, ते पहिले तीन दिवस शेवटपर्यंत उभे असायचे आणि चौथ्या दिवशी पहिल्या फेरीत बसले तर अख्ख्या क्लासने टाळ्या वाजवल्या. जुन्या पद्धतीची शाळा आहे, सगळ्यांना मानवेल असं नाही, एक मुलगी अपमान वाटला म्हणून सोडून पण गेली. पण नंतर कधी 'ते फॉर्म' डोक्यात शोधावा लागला नाही, तोंडात आपोआप येतो.

कांजीला, म्हणजे चिनीतून आलेल्या अक्षरांना, मात्र शॉर्टकट नाही आणि सेन्सेई तसं पहिल्या दिवशीच सांगतात. जपानमध्ये रोजच्या वापराच्या म्हणून सरकारने ठरवलेल्या कांजी 2136 आहेत. चौकटीची वही घ्यायची आणि गिरवायचं, शेंडी तुटो की पारंबी. त्यात एकेका कांजीचे दोन दोन तीन तीन उच्चार. आणि मोजण्याचे प्रकार वेगळे, लांबुळक्या वस्तूंना वेगळं, चपट्यांना वेगळं, तीन पेन्सिली मोजायच्या तर इप्पोन, निहोन, सानबोन, म्हणजे दर आकड्याला आवाज बदलतो. इथे मराठी काही मदतीला येत नाही.

परीक्षेची तयारी चांगली करून घेतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जेएलपीटी म्हणजे जपानी भाषेची प्रावीण्य परीक्षा, वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. 2010 पासून पाच लेव्हल आहेत, एन5 सगळ्यात सोपी आणि एन1 सगळ्यात अवघड, त्याआधी चारच होत्या त्यामुळे जुन्या लोकांचं 'मी थर्ड लेव्हल केली' ऐकून गोंधळू नका, ती आताच्या एन4 च्या आसपासची. मार्क 180 पैकी, पास व्हायला एन5 ला 80, एन4 ला 90, एन3 ला 95, पण नुसतं टोटल पुरत नाही, प्रत्येक सेक्शनला किमान मार्क लागतात, म्हणजे लिसनिंगला 60 पैकी 19 च्या खाली गेलात की बाकी कितीही असोत, नापास. लिसनिंगची ऑडिओ एकदाच वाजते. सेन्सेई सरावाला मुद्दाम पंखा फुल करून खिडकी उघडी ठेवून ऑडिओ लावतात, बाहेर पीएमटी हॉर्न मारतीये, भाजीवाला ओरडतोय, आणि तुम्ही शोधताय की तानाका सान नक्की कितव्या मजल्यावर भेटणारे. तेव्हा राग यायचा. परीक्षेला समजलं. तिथे फोन वाजला तर थेट रेड कार्ड आणि बाहेर, फुटबॉलसारखं, हे गंमत म्हणून सांगत नाहीये खरंच तसे नियम आहेत.

पण इथेच करिअरच्या स्वप्नातली पहिली मेख आहे आणि ती क्लासवाले सांगत नाहीत. या परीक्षेत बोलणं नाहीच. लिहिणंही नाही, सगळे गोळे काळे करायचे. म्हणजे एन3 चं सर्टिफिकेट हातात असलेला माणूस समोर जपानी आला की 'हाय, हाय' (म्हणजे हो, हो) करत मान डोलावत बसतो हे मी स्वतः डोळ्यांनी बघितलंय. कंपनी इंटरव्ह्यू घेते ती बोलण्याचा. आमच्याकडे 'काइवा' म्हणजे संभाषणाचा तास फक्त रविवारी असायचा आणि तो घ्यायला एक जपानी बाई यायच्या, नवऱ्याच्या पोस्टिंगमुळे पुण्यात आलेल्या, फार गोड, पण त्या मायदेशी परत गेल्यावर तो तास रेंगाळला, कधी व्हायचा कधी नाही. फी तीच राहिली. याचा अर्धा स्टार कापलाय.

आता खरं काम काय असतं ते लिहिते, कारण माझ्या मावसबहिणीपासून बिल्डिंगमधल्या काकूंपर्यंत सगळ्या "अगंबाई इंटरप्रिटर म्हणजे सारखं फॉरेन" म्हणतात.

पुण्यातलं जपानीचं काम म्हणजे चाकण, तळेगाव, रांजणगाव आणि आता नगरकडे सुपा, जिथे एमआयडीसीने जपानी कंपन्यांसाठी वेगळा पट्टा ठेवलाय. भल्या पहाटे कंपनीची बस, पायात सेफ्टी शूज, डोक्यावर कॅप. जपानी एक्स्पर्ट लाइनवर उभा राहून हातात पार्ट घेतो, कडेवरून नख फिरवतो आणि म्हणतो 'बारी'. सुपरवायझर, क्वालिटीवाला, ऑपरेटर सगळे तुमच्याकडे बघतात. हा शब्द पन्नास धड्यांत कुठेही नाही. बारी म्हणजे बर, मोल्डिंग किंवा कटिंगनंतर कडेला जी धार राहते ती. सेन्सेईंनी स्वतःच्या नोकरीच्या काळात बनवलेली शॉप फ्लोअरच्या शब्दांची एक झेरॉक्स यादी आहे, हाताने लिहिलेली, कडा फाटलेल्या, झुमेन म्हणजे ड्रॉइंग, कानागाता म्हणजे डाय, फुर्यो म्हणजे रिजेक्शनचा माल, नोकी म्हणजे डिलिव्हरीची तारीख, मित्सुमोरी म्हणजे कोटेशन. ती यादी त्या एन4 झाल्यावरच देतात आणि माझ्या मते क्लासच्या फीमधली निम्मी किंमत त्या यादीची आहे.

दुसरी गोष्ट आकडे. जपानी लोक दहा हजाराच्या गठ्ठ्यात मोजतात, त्याला मान म्हणतात, आणि आपण लाख-कोटीत. एक लाख म्हणजे दहा मान, एक कोटी म्हणजे हजार मान, दहा कोटी झाले की एक ओकु. आता मीटिंगमध्ये आपला प्लँट हेड म्हणतो 'थ्री पॉइंट फोर फाइव्ह क्रोर', तुम्हाला श्वास घ्यायच्या आत म्हणायचंय 'सानझेन योनह्याकु गोजू मान'. शून्य चुकलं तर कोटेशन चुकलं. सेन्सेई दर शनिवारी शेवटची पंधरा मिनिटं फक्त हे घेतात, लाखाचे मान, मानाचे कोटी, डॉलर मध्येच घुसवतात, घाम फुटतो. इतर क्लासच्या मुलांना हे कुणी शिकवलेलं नसतं, चाकणला गेल्यावर कळतं.

आणि मोठ्या कॉन्फरन्समध्ये बूथमधले इंटरप्रिटर जोडीने बसतात, वीस-तीस मिनिटांनी बदली करतात कारण मेंदू थकतो. फॅक्टरीत तुम्ही एकटे, सकाळच्या मीटिंगपासून संध्याकाळच्या रिपोर्टपर्यंत, आणि जेवताना पण, कारण साहेबांना विचारायचं असतं की हे पिवळं काय आहे आणि तिखट आहे का. मधल्या वेळेत एक्सेल. जपानी एक्सेल म्हणजे एक स्वतंत्र शिक्षा आहे, एकेका सेलमध्ये परिच्छेद. हल्ली ईमेल आणि फाइल मशीनला टाकतात आणि आपल्याला तपासायला देतात, त्यामुळे नुसत्या भाषांतरावर जगायचे दिवस कमी होतायत असं मला वाटतं, पण ऑडिटला, भांडणाला आणि पैशाच्या बोलणीला माणूसच बोलावतात.

प्रवास? होतो ना. आमच्या सीनियर बॅचची एक ताई चार वर्षं जपानला जातीये. तिचं जपान म्हणजे हमामात्सु, शिझुओका प्रांतात, जिथे सुझुकीचं आणि वाद्यं बनवणाऱ्या यामाहाचं हेड ऑफिस आहे आणि आसपास पार्ट बनवणाऱ्यांची रांग. तिथे जायला नोझोमी म्हणजे सगळ्यात फास्ट बुलेट ट्रेन चालत नाही, ती थांबतच नाही तिथे, हिकारी किंवा कोदामा पकडावी लागते. हॉटेल, प्लँट, कॉम्बिनी (कोपऱ्यावरचं छोटं दुकान), हॉटेल. फुजी खिडकीतून दिसतो, ढग नसले तर. ती शाकाहारी आहे आणि तिकडे वरून शुद्ध भाजीचं दिसणाऱ्या सूपमध्ये पण दाशी, म्हणजे माशाचा अर्क, असतो, त्यामुळे बॅगेत कपडे कमी आणि मेतकूट, भडंग, डिंकाचे लाडू जास्त. तरी तिला विचारलं तर ती नोकरी सोडणार नाही म्हणते. ट्रेनिंगला गेलेल्या आपल्या आठ-दहा ऑपरेटर मुलांना घेऊन ती जाते, त्यातले बरेच पहिल्यांदा विमानात बसलेले, आणि तिथला म्हातारा मिस्त्री आणि हा आपला खेडचा मुलगा यांच्यात ती दिवसभर उभी असते, तीन दिवसांनी ते दोघं तिच्याशिवाय हातवारे करून काम करायला लागतात आणि ही बाजूला चहा पीत बसते. मला ते ऐकून त्या फुजीच्या पोस्टरपेक्षा जास्त जावंसं वाटलं.

भारतातल्या भारतात फिरणं जास्त आहे. राजस्थानात नीमराणा, गुजरात, चेन्नईकडचा पट्टा. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन, 508 किलोमीटर, जायका या जपानी सरकारी संस्थेचं कर्ज आणि शिंकान्सेनचं, म्हणजे जपानी बुलेट ट्रेनचं, तंत्रज्ञान, त्यामुळे तिथे कागद दोन्ही भाषांत हलतात आणि एन2 वाल्यांना विचारणा असते. साइटवर बूट भरतील चिखलाने, पण पैसे बरे.

खरोखर फिरायचं असेल तर माझ्या बॅचची एक मैत्रीण बघा, ती टूर मॅनेजर झाली. मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला साकुराच्या, म्हणजे चेरीच्या फुलांच्या, सीझनला मुंबई-पुण्याचे मराठी ग्रुप घेऊन टोकियो, हाकोने, क्योतो, ओसाका. तिचं जपानी एन3 च आहे पण दिवसभर बोलून बोलून आमच्यापेक्षा भारी झालंय. मुख्य उपयोग म्हणजे रेस्टॉरंटवाल्याला नम्रपणे पटवणं की चाळीस जणांतल्या अकरांना कांदा-लसूण पण चालत नाही, आणि कुणाचा तरी चष्मा ट्रेनमध्ये राहिला की स्टेशनवर जाऊन त्याचं वर्णन करणं (सापडतो! नेहमी सापडतो म्हणे). झोप नाही, सणवार घरी नाही, पण जग फिरतीये हे खरं. म्हणजे पोस्टर अगदीच खोटं नाही, फक्त त्या मुलीच्या ट्रॉली बॅगेत दुसऱ्यांची औषधं आणि पासपोर्टच्या झेरॉक्स असतात हे दाखवायला हवं होतं.

अजून एक रस्ता आहे जो क्लासमध्ये हल्ली जोरात विकला जातो, स्पेसिफाइड स्किल्ड वर्करचा व्हिसा. जपानने 2019 ला सुरू केला, भारताशी करार 2021 ला झाला. एन4 किंवा तिकडची जेएफटी बेसिक परीक्षा आणि त्या कामाची स्किल टेस्ट. वृद्धांची देखभाल करणाऱ्या कामाला त्या क्षेत्राची वेगळी भाषा परीक्षा पण लागते. पहिल्या प्रकारात सहसा जास्तीत जास्त पाच वर्षं आणि घरच्यांना नेता येत नाही. हे करिअर वाईट नाही, पण हे 'ट्रॅव्हल' नाहीये, हे अंगमेहनतीचं काम आहे, आणि समोर बसलेल्या एकोणीस वर्षांच्या पोरांना ते स्वच्छ सांगून मग फॉर्म भरून घ्यावा. इथे कुणी एजंट लाखो रुपये मागत असेल तर आधी घरात बसून नीट चौकशी करा.

क्लासच्या बाकी कुरबुरी: 'प्लेसमेंट असिस्टन्स' म्हणजे एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे ज्यात नोकरीच्या जाहिराती फॉरवर्ड होतात, त्यातल्या निम्म्या बेंगळुरू-गुडगावच्या. एन3 ची बॅच पुरेशी मुलं जमेपर्यंत सुरू होत नाही, आम्ही ताटकळलो. ऑनलाइन रेकॉर्डिंग मागितलं की 'टाकतो' म्हणतात. फी दोन हप्त्यांत घेतात, पण सोडलं तर परत मिळत नाही, आणि हे पावतीच्या मागे बारीक अक्षरात आहे.

पैसे कमी आणि वेळ भरपूर असेल तर एफसी रोडवरच्या रानडे इन्स्टिट्यूटचा पार्ट टाइम कोर्स आहे, पुणे विद्यापीठाचा, सर्टिफिकेटपासून वर, तिथे घाई नाही आणि कागदाला वजन आहे. टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीत पदवीच करता येते, ज्यांना हेच करायचंय हे पक्कं माहितीये त्यांनी तिकडे बघावं. नोकरी सांभाळून दोन-अडीच वर्षांत एन3 गाठायचाय त्यांना हा आमचा क्लास बरा.

डेमो लेक्चरला गेलात तर काउंटरवर बसू नका, थेट आत शनिवारच्या बॅचमध्ये मागे बसायची परवानगी मागा, सेन्सेई देतात. आकड्यांचा तास बघा. विचारा की काइवा कोण घेतं सध्या आणि आठवड्यातून किती वेळा. शब्दांच्या यादीबद्दल आत्ताच विचारू नका, चिडतात. आणि गाडी खाली लावू नका, तो डॉक्टरांचा पार्किंग आहे, समोर शाळेच्या भिंतीला लावा.